सात आयांची शपथ

"नाव ओबिरीचं घेतलंत, तर मी भर सभेत बोलेन," डांक्वा म्हणाला.

डांक्वाची लांबच्या नात्यातली मावशी, राणीआई अफ्रियी, हिने उकडलेल्या केळ्याचा तुकडा परत ताटलीत ठेवला. सकाळची वेळ होती. दासींना तिने आधीच अंगणाबाहेर पाठवलं होतं.

"काय बोलशील?"

"की त्या मास्तराची पणजी आपल्या रक्ताची नाही. कोलाच्या बियांच्या टोपल्या देऊन उत्तरेहून विकत आणलेली बाई ती. माझ्या कानांनी ऐकलंय. कुठे, ते विचारू नका, मावशी."

राणीआईच्या तोंडचं पाणी पळालं. निदान डांक्वाला तरी तसं दिसलं.

राजा जाऊन वर्ष झालं होतं आणि गावचा काळा चौरंग, म्हणजे राजाची गादी, रिकामा होता. राजघराण्याचा वंश इथे आईकडून चालायचा. नव्या राजाचं नाव राणीआईने सुचवायचं, पण तीनदाच. दोन नावं मानकऱ्यांनी झिडकारली होती. आज दुपारी तिसरं. तेही गेलं की निवड मानकऱ्यांच्या हाती, आणि मानकरी डांक्वाच्या शब्दाबाहेर नव्हते. डांक्वा राजा झाला असता, तर नदीकाठ सोनं खणणाऱ्या यंत्रांना मोकळा होता. पलीकडच्या गावची नदी त्यांनी चहासारखी करून टाकली होती. तिथल्या बायका आता पिण्याचं पाणी प्लास्टिकच्या पिशव्यांतून विकत आणायच्या. यॉ ओबिरी शाळामास्तर. ती यंत्रं त्याने पोरांना घेऊन दोनदा अडवली होती.

"कायदा ठाऊक आहे ना तुला?" राणीआई म्हणाली. "कुणाचं मूळ कुणी उघड करायचं नाही. बोललास, तर कुळाबाहेर जाशील."

"ते खोटं बोलणाऱ्याला. खरं निघालं, तर माझी सुटका फार तर एका मेंढ्याच्या दंडावर. मास्तर मात्र कायमचा बाद."

मग एक गोष्ट घडली, जी त्या अंगणाने कधी पाहिली नव्हती. सत्तरी उलटलेली राणीआई उठली, आणि वाकून तिने डांक्वाच्या पायांना हात लावला.

"मुलाचं वाटोळं करू नकोस रे. मावशी पाया पडते तुझ्या."

डांक्वाने पाय मागे घेतले. त्याला हसू आवरेना.

"आता तर माझी खात्रीच पटली," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी मोठ्या झाडाखाली गाव लोटलं. छत्र्या उघडल्या, ढोल थांबले. राणीआई सभेत स्वतः बोलत नसे. ती दंडधाऱ्याच्या कानात बोलली, आणि त्याने दंड उंचावून नाव पुकारलं.

"यॉ ओबिरी!"

पोरं आरडली. मानकरी एकमेकांकडे पाहू लागले. डांक्वा उठला आणि सभेच्या रीतीप्रमाणे अंगावरचं वस्त्र त्याने खांद्यावरून खाली घेतलं.

"मला या माणसाच्या मुळाबद्दल बोलायचंय."

"खाली बस!" दंडधारी ओरडला. "जीभ आवर, डांक्वा. अजून वेळ आहे."

"वेळ तुमची भरलीय," डांक्वा म्हणाला, आणि बोलला. टोपल्यांसकट सगळं बोलला.

ओबिरीचा चेहरा उतरला. बिचाऱ्याला स्वतःच्या तीन पिढ्यांच्या आयांपलीकडे नावं ठाऊक नव्हती. आरोप खरा की खोटा, हे त्यालाही कळायला मार्ग नव्हता. एक बाई तोंडाला पदर लावून रडू लागली.

असा आरोप झाला की वंशावळ जपणाऱ्याने उठायचं, अशी रीत. ते काम म्हाताऱ्या बादूचं. घराण्यातल्या प्रत्येकाच्या सात पिढ्यांच्या आया त्याला पाठ होत्या. आणि तो खोटी शपथ घेत नसे. एकदा सख्ख्या भाच्यासाठीसुद्धा त्याने घेतली नव्हती. तो बसूनच राहिला, तर सगळं संपलं.

सगळ्या माना बादूकडे वळल्या. राणीआईने डोळे मिटून घेतले होते.

बादू काठी टेकत उठला. मेलेल्या राजांची मोठी शपथ घेऊन त्याने ओबिरीची आई, आजी, पणजी, अशा सात आया एका दमात मोजल्या. सातही याच घराण्यात जन्मलेल्या.

"चूक असेन तर सूर्य मावळण्याआधी मला पुरा," तो म्हणाला.

"पण मी ऐकलंय!" डांक्वा किंचाळला.

"कुठे?" दंडधाऱ्याने विचारलं. "कुणाकडून?"

ते काही डांक्वाला सांगता येईना.

तिथल्या तिथे त्याला कुळाबाहेर काढलं. त्याचेच मानकरी सगळ्यांत आधी हात वर करून मोकळे झाले, आणि तिसरं नाव मान्य झालं. ओबिरीच्या खांद्यांवर लोकांनी विजयाची पांढरी माती फासली आणि त्याला उचलून नाचवलं. लोकांचा आनंद गगनात मावेना. नदी वाचली होती.

ऊन कललं तेव्हा राणीआईच्या ओसरीवर ती आणि बादू दोघंच उरले.

"सकाळी पाया पडलात म्हणे त्याच्या," बादू म्हणाला.

"त्याशिवाय तो बोलला नसता. खात्री हवी होती त्याला."

"आणि त्याने ऐकलं कुठे?"

"मेलेल्या राजांचे काळे चौरंग ठेवलेत त्या खोलीपाशी. तिथे फिरकायची बंदी आहे त्याला. गेल्या सणाला मी पूर्वजांपुढे जिनची दारू ओतत होते, आणि हा दाराला कान लावून उभा. दाराखालच्या फटीतून पाय दिसले. या घरात एक विकत आणलेली बाई होऊन गेली, एवढा सुगावा त्याला आधीच लागला होता, बादू. आज ना उद्या नावही मिळालं असतं. म्हणून मीच दिलं. ओबिरीच्या पणजीचं."

बादूने तपकिरीची चिमूट नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"बरं केलंत, राणीआई," तो हळूच म्हणाला. "तुमच्या पणजीचं नाव घेतलं असतं त्याने, तर मला उठता आलं नसतं."