पहिला थेंब

पहिल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तेव्हा लॅबवाली बाई फक्त चिडली. दुसऱ्या पट्टीवरही दोन आल्या, तेव्हा तिने पट्ट्यांचा डबाच बाजूला सरकवला. "माल खराब आलाय," ती म्हणाली.

नवा डबा फोडला की पहिला थेंब आपल्या बोटाचा, हा तिचा अकरा वर्षांचा नेम. ती ठणठणीत. तिच्या रक्तावर एकच रेघ यायला हवी. दोन आल्या की पट्टीतच खोट. असे तीन डबे तिने आजवर परत पाठवले होते आणि तिन्ही वेळा तीच बरोबर निघाली होती. ही पट्टी मात्र नवी होती, आईबापांकडून मुलांत उतरणारा हृदयाचा दोष दाखवणारी. असा दोष असलेलं माणूस चांगलं हिंडतं-फिरतं आणि एक दिवस जोरात धावताना कोसळतं.

बाहेर बाकांवर पंधरा माणसं ताटकळलेली. दारात तिची लेक एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभी. रविवारी धावण्याची शर्यत होती, सरावाला उशीर होत होता.

"आई, घराची चावी दे ना. मी पळते."

"थांब गं दोन मिनिटं. इथे डोकं फिरलंय माझं."

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला, "बाई, दुसऱ्या कुणावर लावून बघितलीत का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मला शिकवणार! त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे म्हणून तिने बाकावरच्या आजोबांना आत घेतलं. एक रेघ. त्यांच्या शेजारी बसलेल्या शिंप्याला घेतलं. एक. त्याच्या बायकोची एक. आतल्या खोलीतले डॉक्टर नको नको म्हणत असताना त्यांचंही बोट टोचलं. एकच. डबा तोच होता. आता तिला कुणाची तरी दुसरी रेघ हवी होती, कुणाचीही. तिची तिलाच लाज वाटली.

तिने पुन्हा आपलं बोट टोचलं. दोन.

ती स्वतः जन्मात कधी बसमागेसुद्धा धावली नव्हती.

दारात लेक वाकून बुटांच्या लेस आवळत होती. "आई, चावी देतेस ना?"

तिने चावी मुठीत घट्ट धरली.

"बूट काढ," ती म्हणाली. "आणि हात धुऊन आत ये."