भिंतीपेक्षा उंच

इंदरचंदच्या आवारात पाइपांची चळत कंपाउंडच्या भिंतीच्याही वर हातभर गेली होती. पालिकेचे रामनाथ तेच ते पुन्हा समजावत होते. माल उघड्यावर ठेवायची परवानगी आहे, पण भिंतीपेक्षा उंच रचायचा नाही, रस्त्यावरून दिसायचा नाही. तक्रार आली, नोटीस दिली, मुदत आज संपतेय. वरचे थर तेवढे खाली घ्या, मी आत्ता ठीक आहे म्हणून लिहितो. नाहीतर परवानगी रद्द. आणि आवार गेलं की धंदा गेला, कारण एवढे लांब पाइप काय दुकानातल्या फळीवर मावणार होते?

"उद्या उजाडताच हलवतो, साहेब," इंदरचंद म्हणाले. "आज नको."

रामनाथ वैतागले. त्यांचंही काय चुकलं म्हणा. जैनांच्या पर्युषणाचा आज शेवटचा दिवस, संवत्सरी, हे त्यांना कुठलं ठाऊक? भादव्यात पाइपांच्या पोटात बेडूक, गोमा, मुंग्या, काय काय शिरून बसलेलं असतं. चळत हलली की चिरडलंच. म्हणून हे आठ दिवस इंदरचंद मालाला हात लावत नाहीत. त्यांच्या वडिलांनी लावला नव्हता. यंदाचा हा जादा माल तर इंदरचंदचा नव्हताच. धाकटा भाऊ बंटी, बायपासला त्याचं पाइपांचंच गोडाऊन. ते भरलंय म्हणून त्यानं पर्युषणाच्या आदल्या संध्याकाळी ट्रक इकडं पाठवला होता. भावाला नाही कसं म्हणायचं?

डिंगोरे गावचे गेणभाऊ, जुनं गिऱ्हाईक, बाजूला उभे होते. त्यांना राहवेना.

"शेठ, तुमी घरात बसा. आमी हलवतो. तुमचा हात लागला न्हाई म्हंजे झालं."

"दुसऱ्याकडनं करवून घेतलं तरी ते आपणच केलं, गेणभाऊ."

रामनाथांनी मान हलवली, परवानगी रद्द झाल्याचं सांगितलं आणि गाडीला किक मारून निघून गेले. भला माणूस, जाताना वाईट वाटलेलं दिसत होतं.

गेणभाऊ टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बंटीशेठ म्हणत व्हते ते खरंच. ट्रक इथं उतरवला ना, त्याच दिवशी मला म्हणलं, भावाचं आवार संवत्सरीला बंद व्हणार, पाइप आता माझ्याकडनं न्या. मला वाटलं, तुमी दोघांनी मिळूनच ठरवलंय."

त्या दिवशी नोटीस आलीसुद्धा नव्हती; म्हणजे तक्रार कुणाची, ते उघड होतं.

सकाळपासूनचा निर्जळी उपवास इंदरचंदना जाणवला नव्हता. आता मात्र ते तिथेच सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं त्याला. हे आठ दिवस भाईसा पाइपाला हात लावणार नाही, हे लहानपणापासून बघत आला होता, आणि नेमकं तेच धरलं मेल्यानं.

संध्याकाळी जैन स्थानकात प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली, झालं. मग रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांची क्षमा मागू लागले. इंदरचंदसमोरही रांग लागली. ते एकेकाला मिठीत घेत होते. पानबाई, त्यांची बायको, बायकांच्या बाजूनं त्यांच्याकडं बघत होती. दुपारचं सगळं तिला कळलं होतं.

बंटी आला. वाकून पाया पडला, हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं, भाईसा. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा."

इंदरचंदनीही हात जोडले. मिठी मारली नाही.

"अजाणता जे चुकलं, ते सगळं माफ, बंटी."

बंटी पुढच्या शब्दाची वाट बघत तसाच उभा राहिला. इंदरचंद त्याच्या मागच्या माणसाकडं वळले होते.