सर्वानुमते

"काकू, गच्चीची चावी द्या. कंपनीवाले खाली उभे आहेत," उदयसिंह दारातूनच म्हणाला.

राजेंद्र नगरातल्या बेचाळीस घरांनी मिळून काढलेल्या सौर सहकारी संस्थेचा तो सचिव. कॉलनीच्या सभागृहावर संस्थेची पॅनल्स होती आणि ती धुण्याच्या पाळ्या मंगला शितोळे लावत, म्हणून चावी त्यांच्याकडे.

"कसली कंपनी?"

"ठराव झाला ना, काकू. पंचवीस सालसाठी प्लांट त्यांना दिला. सर्वानुमते. ये देखो, तुमची पण साइन आहे."

त्याने रजिस्टर पुढे केलं. सही होती खरी. मागच्या महिन्यातल्या सभेत शिरताना, एका हातात चहाचा कप धरून केलेली. दारातल्या टेबलावर कोरं पान असायचं आणि सगळे खालच्या अर्ध्यात सह्या करून आत जायचे. दरवर्षीचंच ते. आपल्याच कॉलनीतला पोरगा लिहितोय, त्यात काय बघायचं? आता वरच्या अर्ध्यात सुवाच्य अक्षरात ठराव होता.

मंगलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही हजेरी होती, उदय."

"पान तर एकच आहे ना. आणि तुम्हाला आरामच आराम. धुणं-पुसणं सब कंपनी करेल."

"आराम मागितला कोणी तुझ्याकडे? आमचं आहे म्हणून धुतो आम्ही."

त्यांनी चष्मा लावला आणि एकेका सहीवरून बोट फिरवायला घेतलं. उदयसिंह रजिस्टर मागे ओढायला गेला, पण त्यांनी ते सोडलं नाही. शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. विष्णू शितोळे.

त्यांचे यजमान. या संस्थेसाठी घरोघर फिरून ज्यांनी सभासद जमवले, ते. दिवाळीच्या आधी गेले. सभा मार्चात झाली होती.

"कोरम कमी पडत होता, काकू," उदयसिंह हळूच म्हणाला. "फॉर्मॅलिटी असते ती. जुन्या यादीत नाव होतं, तर..."

मंगलाबाईंनी रजिस्टर मिटून काखेत घेतलं.

"मी कोऱ्या पानावर सही केली, ती माझी चूक. पण हे सभेला आले होते, तर मला कळवायचं नाहीस? पाच महिने झाले, घरी फिरकले नाहीत."

उदयसिंह जायला वळला.

"पुन्हा सभा बोलव. सगळ्यांसमोर वाचू हे पान. आणि यांनाही बोलव. तुझ्या बोलावण्याला येतात ना ते."