गाडीत काहीतरी वाजतंय

"ऐक, आला परत!" मालविका म्हणाली आणि देवव्रतने मोटरहोम रस्त्याच्या कडेला घेतली.

बारीक, टोकदार आवाज. कुईंऽऽ असा. दोहा सोडल्यापासून मधूनच सुरू व्हायचा आणि मधूनच बंद पडायचा. देवव्रत गॅस प्लांटमध्ये कॉम्प्रेसरवर इंजिनिअर. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटाही काही कमी नव्हता. पण भाड्याच्या या गाडीने सकाळपासून त्याच्या नाकी नऊ आणले होते. तो उतरला, बॉनेट उघडलं, बेल्ट चाचपला. परत आत येऊन बघतो तर आवाज गायब.

मागे टेबलापाशी, खिडकीला टेकून त्याची आई बसली होती. मंदाकिनीबाई दोन वर्षांनी नाशिकहून मुलाकडे आल्या होत्या. त्यांना हल्ली फारच कमी ऐकू यायचं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचला तर पोचला.

देवव्रत आणि मालविका वेगळे होणार होते. ठरलंच होतं ते. आई परत गेली की मालविका पुण्याला जाणार, दोह्याच्या अल सद्द भागातला फ्लॅट सोडायचा, मग वकील बघायचा. फक्त आईला यातलं काही कळता कामा नये. वडील गेल्यापासून या दोघांचा संसार हाच तिचा जीव की प्राण. तिला हे सोसणार नाही, याबद्दल दोघांना खरोखर धास्ती होती. एकमत व्हावं अशी तेवढी एकच गोष्ट त्यांच्यात उरली होती. म्हणून तर हे सीलाइनच्या किनाऱ्यावरचं कॅम्पिंग काढलं होतं, सुखी जोडपी काढतात तसं.

पण भांडणं काही थांबेनात. मग त्यांनी एक नामी तोडगा काढला. आईसमोर हसून भांडायचं. कपाळाला आठी नको, आवाज चढवायला नको. तिला ऐकू येत नाही म्हटल्यावर चेहरा सांभाळला की झालं! सरावाने दोघंही त्यात चांगली तरबेज झाली होती.

समुद्राजवळ गाडी लावली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मालविकाने चहा टाकला.

"हे डबडं घ्यायला सांगितलं कोणी तुला?" तिने गोड हसून विचारलं.

"तूच म्हणालीस, आईंना समुद्र दाखवू." देवव्रतही दात दाखवत म्हणाला.

"समुद्र म्हटलं मी. माझं कधी पूर्ण ऐकून घेतलंयस?"

"म्हणूनच चाललीस ना सोडून? जा की. खलास!"

कुईंऽऽ.

देवव्रत ताडकन उठला. भांडण तिथेच राहिलं. त्याने फ्रिज बंद केला. जरा वेळाने आवाज थांबला. "सापडलं! फ्रिजच आहे," तो म्हणाला. चहा पिताना भाड्यावरून पुन्हा जुंपली आणि फ्रिज बंद असताना आवाज सुरू झाला. मग त्याने पाण्याच्या पंपावर आळ घेतला. मग छतावरच्या पंख्यावर. प्रत्येक वेळी गुन्हेगार सापडायचा आणि प्रत्येक वेळी निर्दोष सुटायचा. शेवटी वैतागून त्याने बॅटरीची तारच काढली. आता गाडी म्हणजे नुसती पत्र्याची खोली. वाजायला आत काही उरलंच नव्हतं.

मालविका त्याच्याकडे बघत होती. ओठांवर हसू तसंच ठेवून ती म्हणाली, "मशीनला कुठे दुखतंय ते शोधायला केवढी धडपड रे! मी एवढी वर्षं सांगत होते, तेव्हा मान वर करून बघितलं नाहीस."

ते त्याला लागलं. चांगलंच लागलं. तरी तोही हसतच म्हणाला, "आता उकरून काय उपयोग?"

कुईंऽऽ.

बाहेर वारा पडलेला. गाडीत वीज नाही. आणि आवाज स्वच्छ येत होता. देवव्रत कान देऊन एकेक पाऊल पुढे सरकला. बाक, टेबल, खिडकी. मग तो आईसमोर गुडघ्यांवर बसला. आवाज तिच्या मांडीवरच्या मिटलेल्या मुठीतून येत होता.

त्याने तिच्या हाताला हात लावला. मंदाकिनीबाईंनी मूठ उघडली आणि आवाज थांबला. तळहातावर चिंचोक्याएवढं, कानात घालायचं ऐकण्याचं मशीन होतं. चालू मशीन मुठीत कोंडलं की शिट्टी मारतं, आणि ते काढल्यावर ती शिट्टी त्यांना स्वतःला कुठून ऐकू येणार?

त्यांनी ते शांतपणे कानात बसवलं, वरून केस सारखे केले. "हं, बोल आता," त्या म्हणाल्या.

देवव्रतने नुसतं त्या कानाकडे बोट केलं.

"अनुजाने घेऊन दिलंय, निघायच्या आधी. तुझ्या बहिणीची हौस! म्हटलं, घरी पोचलो की सांगून चकित करीन. पण एअरपोर्टवर गाडीत बसले नाही तोच तुमचं सुरू झालं."

मालविकाच्या हातातला कप टेबलावर आपटला. "आई, म्हणजे तुम्हाला सगळं..."

"पहिल्याच दिवशी कळलं गं."

"मग हे सारखं काढून का ठेवतेस?" देवव्रतने विचारलं.

"अरे, एकमेकांकडे बघून किती छान हसता तुम्ही दोघं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ते बघायचं तर मशीन काढावंच लागतं."