बारावा कागद

अकरावा कागदही गोटीरामांनी नापास केला.

तो त्यांनी खिडकीपाशी नेला, उजेडाकडे तिरका धरला, मग नातीचं मनगट हळूच ओढून त्याच्या कडेला लावलं. वेदिका अडीच वर्षांची. तिचा रंग सावळा, आत खोल कुठेतरी तांब्याची झाक असलेला. थेट तिच्या बापाचा. कागदावरचा हर्षल, त्यांचा मुलगा, त्या रंगाच्या जवळ येऊन थांबला होता. जवळ येणं म्हणजे जुळणं नव्हे, हे नोटांच्या छापखान्यात चौतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

"बाबा, पुरे आता," त्यांची सून उज्वला म्हणाली. "साडेदहाला माणसं येतील. हाही चांगलाच आहे."

"हिरवट मारतोय."

"मला नाही दिसत."

"दिसत असतं तर तुलाच घेतलं असतं ना प्रेसमध्ये."

ती हसली नाही. आज तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं.

कपाटात हर्षलचा एक फोटो पालथा ठेवलेला होता. दहाव्याच्या घाईत स्टुडिओवाल्याने काच लावून दिलेला. त्यात हर्षलच्या अंगावर त्याने जन्मात न घातलेला कोट होता, आणि चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा गोरा. "सगळ्यांचेच करतो काका, लोकांना तसंच आवडतं," तो म्हणाला होता. बाप गेला तेव्हा वेदिका दीड वर्षांची होती. पुढे तिला आठवणार होतं ते भिंतीवर जे असेल ते. म्हणून गोटीरामांनी घरात प्रिंटर आणला.

दुकानात दोन यंत्रं होती. एकाची शाई पाण्याला दाद देत नव्हती, पण तिच्यात माणसाची कातडी मेणासारखी दिसायची. दुसऱ्यात सहा रंग होते, आणि त्याच्या नमुन्यातल्या बाईच्या गालाखाली रक्त वाहतंय असं वाटत होतं. "याला पाण्यापासून जपावं लागेल," दुकानदाराने बजावलं. गोटीरामांनी नुसती मान हलवली. शाई म्हणजे घामात, पावसात, धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशातही जी जागा सोडत नाही ती. दुसऱ्या जातीची शाई त्यांच्या हाताखालून कधी गेलीच नव्हती.

त्यांनी लाल आणखी थोडा वाढवला. प्रिंटर कुरकुरला. आधी कपाळ आलं, मग भुवया, मग डोळे. पाण्यातून सावकाश वर येणाऱ्या माणसासारखा हर्षल त्या फटीतून बाहेर आला. गोटीरामांनी कागद खिडकीपाशी नेला. मनगट लावलं. दुसऱ्या कडेलाही लावून पाहिलं.

"पास," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

चौकट उद्या करून आणायची होती, म्हणून कागद तसाच पाटावर, भिंतीला टेकवून ठेवला. हर्षलची आई लंकाबाई देवापुढून उठून आल्या. हातात सहाण, सहाणेवर उगाळलेलं गंध. फोटोसमोर त्या खाली बसल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे नजर न वळवता पाहिलं.

"हाच हाय," त्या म्हणाल्या. "अहो, माझा हाच हाय."

मग त्यांनी गंधात बोट बुडवलं आणि परीक्षेला निघालेल्या पोराला लावावं तसं त्याच्या कपाळावर टेकवलं.

बोटाखाली कपाळ विरघळलं. तांबूस ओघळ भुवयांच्या मधून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरला. गंध पातळ झालं असेल असं वाटून लंकाबाईंनी पदराने तो टिपला, आणि पदराबरोबर डावा डोळा गेला.

"थांब! हात लावू नको!" गोटीराम ओरडले, तोवर लंकाबाईंचा दुसरा हात ओठांवरून फिरून गेला होता.

"काय झालं ओ? मी काय केलं?"

"तू नाही," ते म्हणाले. "तू काही नाही केलंस."

त्यांनी तेरावा कागद घातला. तांब्याची झाक शोधता शोधता लाल शाई संपली होती. पट्ट्यापट्ट्यांनी जो चेहरा बाहेर आला त्याचा रंग टाकीच्या तळाच्या शेवाळासारखा होता. यंत्रावरचा दिवा लुकलुकत राहिला. खाली फाटक वाजलं, जिन्यावर चपला वाजल्या. उज्वला कुणाला काही न विचारता उठली, कपाट उघडलं आणि पालथा फोटो सुलटा करून पाटावर ठेवला.

लंकाबाईंनी काचेवर गंध लावलं. ते जिथे लावलं तिथेच, वाटोळं, राहिलं.

माणसं आली, फुलं वाहून सतरंजीवर बसत गेली. सिन्नरहून आलेल्या कुसाबाई गोटीरामांच्या लांबच्या नात्यातल्या. हर्षलला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. फुलं वाहून त्यांनी हात जोडले, काचेतल्या चेहऱ्याकडे बघून हळहळल्या. मग उज्वलाच्या मांडीवरच्या वेदिकाकडे वळल्या, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"बाप एवढा गोराचिट्टा," त्या म्हणाल्या, "मंग पोर कोणावर गेली गं?"

उज्वला मान खाली घालून पोरीची बटणं लावत राहिली. ती लावलेलीच होती. गोटीराम उत्तर द्यायला पुढे सरकले, आणि त्यांना दाखवायला हातात काही नव्हतं.

"आजोबावर," लंकाबाई म्हणाल्या, आणि पानं मांडायला आत गेल्या.