डावा हात

समूहनृत्यातलं शेवटचं पडणं काही केल्या जमत नव्हतं. दिग्दर्शकाने नर्तकांना खुर्चीवरून पाडून पाहिलं, एकमेकांवर पाडून पाहिलं. सगळे पडायचे, पण पडल्यासारखे दिसायचे नाहीत. वैतागून तो घरी आला, तर त्याच्यादेखत आई स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि डावा हात वर करून आडवी झाली.

"आई, हलू नकोस," तो म्हणाला.

"हलता आलं असतं तर अशी पडून राहिले असते का?"

त्याने फोन करून अख्खा संच घरी बोलावला. सगळे ओट्याला टेकून, दाटीवाटीने उभे राहून आईकडे बघू लागले. मग एकेक जण तिच्या शेजारी पडून बघायला लागला.

"मान अजून जरा वाकडी," दिग्दर्शक सांगत होता.

"कुणीतरी गॅस बंद करा रे," आई खालून म्हणाली, "दूध उतू जाईल."

प्रयोग संपला तेव्हा सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पहिल्या रांगेत पायाला प्लास्टर घालून आई तेवढी बसलेली होती. टाळ्या ओसरल्यावर एका प्रेक्षकाने विचारलं, "तो वर केलेला डावा हात म्हणजे नेमकं काय?"

"माणसाने आकाशाला विचारलेला प्रश्न," दिग्दर्शक म्हणाला.

"कसलं डोंबलाचं आकाश," आई म्हणाली. तिचा डावा हात अजून वरच होता. "तुला म्हणतेय केव्हाची, धर आणि उठव."