एक मला, एक तिला

लाईट गेली, पंखा घरघरत थांबला आणि दुपारच्या त्या शांततेत कडुबानं कान टवकारले. बायकोच्या, पारूबाईच्या, छातीतली टिकटिक ऐकू येत नव्हती.

ऑपरेशन करून तिच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. तेव्हापासून खोली शांत झाली की ती झडप घड्याळासारखी वाजायची. “तुझं घड्याळ झोपू देत नाय मला,” असं कडुबा तिला नेहमी चिडवायचा.

“मोनाली!” त्यानं सुनेला हाक मारली. “आईच्या छातीला कान लाव बरं. माझे कान म्हातारे झालेत.”

मोनालीनं कान लावला. सकाळपासून पारूबाईला धाप लागत होती.

“येतोय आवाज, बाबा. पण लई दबका.”

तिनं डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर सुरू केला.

“रक्त पातळ करायची गोळी चुकली का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“दुसरं काही नवीन चालू केलंत?”

कडुबा उठला. फळीवरची कॅप्सूलची बाटली त्यानं सुनेच्या हातात दिली. मुलानं, राजकुमारनं, ती बापासाठी पाठवली होती. मोनालीनं नाव वाचलं, “कोएन्झाइम क्यू-टेन.”

“पेशींना ताकद देती म्हणला राजू,” कडुबा फोनकडं तोंड करून म्हणाला. “टॉनिकच ते. एक मला, एक तिला. मी आजवर एकट्यानं काय खाल्लंय, सायेब?”



“काका, तुम्हाला ती चालली असती. त्यांना नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर या कॅप्सूलनं कमी होऊ शकतो. मग झडपेवर रक्त गोठतं. कॅप्सूल बंद करा आणि लगेच दवाखान्यात आणा. आत्ता.”

मोनाली रिक्षा आणायला धावली.

तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरू लागला. कडुबानं धावत जाऊन पंख्याचं बटण बंद केलं, पारूबाईजवळ गुडघे टेकले आणि तिच्या छातीला कान लावला.

“अवं, एवढं काय घाबरता?” पारूबाई धापा टाकत म्हणाली. “आठवडा झाला, टिकटिक कमीच झालीय. मला वाटलं, राजूच्या गोळीचा गुण आला. आता तुम्हाला झोप तरी लागंल.”